घड्याळ त्यांचं, पोळी आमची गार

मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, हे दोन दिवस खरं तर पंचांगात लाल शाईने छापायला पाहिजेत. त्या दिवशी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे-मागे करतात आणि इकडे कोथरूड, बाणेर, वाकड पट्ट्यातल्या हजारो घरांत रात्रीच्या जेवणाची वेळ बदलते. आपल्या भिंतीवरचं घड्याळ ढिम्म असतं, त्याच्याखालची माणसं सरकतात. पंचविसेक वर्षं या आयटीच्या धंद्यात काढली, डॉस गेलं, फ्लॉपी गेली, पेजर गेला, क्लाऊड आला, आता एआय आलाय आणि तो म्हणे आमच्या नोकऱ्या खाणार आहे, खाऊ दे बापडा, पण आधी त्याने हे घड्याळाचं निस्तरावं.

हिशोब तसा तिसरीतला आहे. न्यूयॉर्क आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्यांचा सकाळी साडेनऊचा स्टँडअप, टीमचा रोजचा छोटा कॉल, उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला. क्लायंटला विचाराल तर त्याचा कॉल बारा महिने साडेनऊलाच आहे, त्याने काहीच बदललेलं नाही, उलट नोव्हेंबरमधल्या त्या सोमवारी तो फ्रेश चेहऱ्याने येतो आणि सगळ्यांना विचारतो, काय मग, एक तास जास्त झोप मिळाली ना? आम्ही पुण्यातले आठजण म्यूटवर हसतो.

सातचा कॉल आईला चालत नाही कारण ती दिवेलागणीची वेळ, तिन्हीसांजेला खोलीचं दार लावून परक्या माणसांशी वाद घालू नये म्हणते. आठचा कॉल बायकोला चालत नाही कारण तेव्हा तवा तापलेला असतो. तिचं म्हणणं सोपं आहे, एकतर आधी जेव नाहीतर नंतर जेव, पण मध्ये जेवू नको. पण मध्येच जेवायचं असतं ना, कारण स्टँडअप म्हणतात पंधरा मिनिटांचा आणि चालतो पाऊण तास. मग मी कॅमेरा बंद करून लॅपटॉपशेजारी ताट ठेवतो, अर्धी पोळी भाजीत बुडवून उचलली की त्याच क्षणाला कोणीतरी माझं नाव घेतं. वरणभात असेल तर गिळून बोलता येतं. पापड असेल तर संपलं. म्यूट काढला तर कुर्रकन ऐकू जातं, नाही काढला तर चारचार लोक "यू आर ऑन म्यूट" ओरडतात, आणि मी तोंडात तो पापड विरघळायची वाट बघत बसतो. मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली चिठ्ठी चिकटवली होती, "बाबा मार्चपर्यंत नंतर जेवतील".

बरं, नुसती अमेरिका असती तर एक वेळ चाललं असतं. लंडनवाले घड्याळ बदलतात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे मधला एक आठवडा लंडन सरकलेलं आणि न्यूयॉर्क तिथेच. मार्चमध्ये तर ही तऱ्हा दोन-तीन आठवडे चालते, कारण तेव्हा अमेरिका आधी आणि युरोप महिन्याच्या शेवटी. त्या काळात तीन देशांचा एकत्र कॉल असेल तर इन्व्हाइट कोणी पाठवलाय यावर सगळं ठरतं. लंडनच्या बाईंनी पाठवला असेल तर न्यूयॉर्कवाला तासभर चुकतो, न्यूयॉर्कवाल्याने पाठवला असेल तर बाई चुकतात, आणि पुण्यातल्या माणसाने पाठवला असेल तर दोघेही आपल्याला विचारतात की तुम्ही वेळ का बदलली? आम्ही! ज्यांनी कित्येक दशकं घड्याळाला हात लावलेला नाही!

लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे, माझ्या पहिल्या मॅनेजरने दाखवलेली. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरायचं, बारा खाली आणि सहा वर, की लंडनची वेळ दिसते. आपले तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ. साडेपाच तासांचा फरक असल्यामुळे हे बरोबर जमतं. फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात फरक साडेचार होतो आणि ही युक्ती तुम्हाला छातीठोकपणे तासभर चुकीची वेळ दाखवते. आमच्या टीममधल्या पोरांकडे काट्यांची घड्याळंच नाहीत त्यामुळे ती वाचली.

ॲरिझोनाचा माणूस मात्र मला उगाच नातेवाईक वाटतो. त्यांचं राज्य घड्याळ बदलतच नाही, आपल्यात नि त्यांच्यात बारा महिने साडेबारा तास. अर्थात तिथेही नावाहो आदिवासींच्या हद्दीत बदलतात, म्हणजे सुख म्हणून पूर्ण नाहीच.

आणि पोरं हुशार असली की वेगळा ताप. जुलैमध्ये क्लायंटची मेल आली, उद्या नऊ एएम ईएसटीला डेमो. आमचा एक पोरगा, वय तेवीस, डेमो त्याच्याच मशीनवर, तो बरोब्बर एक तास उशिरा उगवला. सगळे खोळंबलेले. विचारलं तर शांतपणे म्हणतो, "सर, त्यांनी ईएसटी लिहिलंय, म्हणजे हिवाळी वेळ. जुलैमध्ये तिकडे ईडीटी, म्हणजे उन्हाळी वेळ चालू असते. मी ईएसटीप्रमाणे साडेसातला आलो." नियमाने बघायला गेलं तर तो शंभर टक्के बरोबर होता, आख्खी अमेरिका वर्षभर सरसकट ईएसटी लिहिते आणि आपण समजून घ्यायचं असतं. त्याला झापावं की त्याला प्रमोशन द्यावं ते मला कळेना, शेवटी रीतीप्रमाणे झापला.

हे सगळं कोणाच्या डोक्यातून आलं ते मी एकदा कॉलची वाट बघता बघता वाचून काढलं. १८९५ साली न्यूझीलंडमध्ये जॉर्ज हडसन नावाचे गृहस्थ होते, नोकरी पोस्टात, तीही शिफ्टची, आणि छंद किडे गोळा करायचा. ड्युटी सुटल्यावर किडे पकडायला उजेड मिळावा म्हणून त्यांनी सुचवलं की उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा. नंतर १९०७ मध्ये इंग्लंडमधले एक बिल्डर, विल्यम विलेट, यांनी त्यावर पुस्तिका काढली, त्यांना गोल्फची आवड. १९१६ साली महायुद्धात जर्मनीने ते अमलात आणलं, कोळसा वाचवायला. म्हणजे किडे, गोल्फ आणि कोळसा यांच्यापायी माझी पोळी गार होते. बिल्डरचा हात कुठेतरी असणार ही पुणेकर म्हणून मला शंका होतीच.

आपलंही अगदी सोवळं आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ आपली घड्याळं तासभर पुढे होती. आणि मुंबईचा बाणा तर त्याहून भारी, १९०६ मध्ये देशभर एक वेळ ठरली तरी मुंबई आपला वेगळा बॉम्बे टाइम धरून बसली ती थेट १९५० च्या दशकापर्यंत, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा आयटी कंपन्या नव्हत्या ही ईश्वरकृपा. ३९ मिनिटांचा फरक घालून कॅलेंडर इन्व्हाइट काढायचा विचार करूनच मला चक्कर येते.

पण हे कॉल वगैरे म्हणजे काहीच नाही, खरी मजा रात्रीच्या जॉबची, म्हणजे ठरल्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची. मार्चमध्ये त्यांच्याकडे पहाटे दोनचे एकदम तीन होतात, म्हणजे अडीच वाजतच नाहीत. अडीचला लावलेला जॉब सिस्टिम जुनी असेल तर चालतच नाही. एका वर्षी क्लायंटच्या ऑडिटवाल्यांनी लेखी कारण मागितलं, जॉब का चुकला. मी एका ओळीत लिहिलं, त्या दिवशी अडीच वाजले नाहीत. त्यांनी उलट विचारलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार? यापुढे अडीच वाजतील याची दक्षता घेऊ, असं लिहायला बोटं शिवशिवत होती. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे कधीच पुढे-मागे न होणाऱ्या जागतिक वेळेवर ठेवा हे शहाण्या माणसाचं उत्तर आम्ही दर वर्षी देतो आणि आमच्या बिझनेसवाल्यांना लोकल टाइमच हवा हे तिकडून दर वर्षी येतं.

नोव्हेंबरमध्ये याच्या उलट, दोनचा परत एक होतो आणि दीड दोनदा वाजतो. दीडचा जॉब दोनदा चालला तर लाखभर लोकांना हप्त्याची आठवण दोनदा जाते, म्हणून दुसरा दीड कोणीतरी डोळ्यांनी बघावा लागतो. आता २०२४ ला तो रविवार आला ३ नोव्हेंबरला, आणि त्या दिवशी भाऊबीज. ताईकडे धायरीला गेलेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं तयार आणि मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून.

"ऊठ की रे, साडेअकरा झाले."

"ताई, बारा वाजू दे."

"बाराला काय मुहूर्त आहे?"

"अमेरिकेत परत दीड वाजणारे."

"परत? आधी वाजला नव्हता का?"

"वाजला ना, अकराला."

ताईने निरांजनाची वात पुढे सारली आणि भाऊजींकडे बघितलं. भाऊजी एलआयसीतून रिटायर झालेले, ते म्हणाले, "आमच्याकडे एकदाच वाजायचा." बाराला मी स्क्रीनकडे बघत राहिलो, काहीच झालं नाही, आणि हेच बघायला बसलो होतो हे ताईला समजावून सांगेपर्यंत बासुंदी वाढून झाली होती. काहीच न होण्याचा मला पगार मिळतो हे तिने नंतर सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं.

मध्येमध्ये आशा लावतात. युरोपच्या संसदेने २०१९ ला हा प्रकार बंद करायचा ठराव केला, २०२१ पासून बंद म्हणे. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायमची उन्हाळी वेळ मंजूर केली, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लोकांनी पेढ्यांचे फोटो टाकले. बायकोनेही विचारलं, झालं का मंजूर तुमचं? म्हटलं वरच्या सभागृहात झालंय, खालच्यात अडकलंय. ते तिथेच विरलं आणि युरोपचंही तसंच लोंबकळत राहिलं, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या लिफ्टसारखं.

आता मुलगीही नोकरीला लागली, आणि तिचा क्लायंट निघाला सिडनीचा. तिकडे सगळं उलटं, आपल्याकडे थंडी तेव्हा त्यांचा उन्हाळा, त्यामुळे ऑक्टोबरात ते घड्याळ पुढे करतात. त्यांचा सकाळी दहाचा कॉल एरवी आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि ऑक्टोबरपासून साडेचारला. मी म्हटलं पोरगी महिन्यात नोकरी सोडणार. पण आई साडेचारलाच उठते. ती उठून चहा टाकते, नातीला कप नेऊन देते, आणि नात लॅपटॉपसमोर ताठ बसून इंग्रजीत काहीतरी बोलतेय हे बघून तिला भरून येतं. ब्राह्ममुहूर्तावर उठते पोर, याला म्हणतात नोकरी, असं ती शेजारी सांगत असते. परवा मी रात्री आठचा कॉल संपवून गार पोळी घेऊन बसलो तर जवळ येऊन हळूच म्हणाली, "तिच्या ऑफिसात तुला घेतात का बघ ना. ती टाकेल शब्द."