काढायची एकच डिस्क होती

रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, "अरे, आपल्या फाइलसिस्टमच्या टूलमध्ये डिस्क काढायची कमांडच नाहीये, तेवढी टाक ना. कर्नलमध्ये सगळं आहे, तुला फक्त एक आयऑक्टल मारायचाय." म्हणजे अनेक डिस्का मिळून एकच साठा करणाऱ्या फाइलसिस्टममधून एक डिस्क काढायची, आणि त्यासाठी कर्नलला, सिस्टमच्या गाभ्याला, एक निरोप (आयऑक्टल) पाठवायचा. हल्ली "फक्त" हा शब्द ऐकला की मला ॲसिडिटी होते, पण तेव्हा मी "संध्याकाळपर्यंत देतो" म्हणून मोकळा झालो. ही गोष्ट गणपतीच्या आधीची.

पहिले चार दिवस नावातच गेले. रिमूव्ह म्हणायचं की डिलीट? बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टमवाल्यांनी दोन्ही ठेवलंय, काहीही म्हणा, काम तेच, बारशाला दोन आज्या अडून बसल्या की करतात तसं. आमच्याकडे मात्र मीटिंग झाली.

मग टेस्टिंग. ट्रंकेट कमांडने एकेक जीबीच्या चार फाइली केल्या, त्यांचे लूप डिव्हाइस बनवले, म्हणजे फाइललाच डिस्क समजायचं, कमांड मारली, डिस्क चुटकीसरशी बाहेर! मी खूश. लॅबमधल्या जुन्या ४ टीबीच्या भरलेल्या हार्डडिस्कवर तीच मारली तर टर्मिनल गप्प. पाच मिनिटं, वीस मिनिटं, हूं नाही की चूं नाही. मला वाटलं लटकलं, कंट्रोल-सी दाबलं, परत मारली, परत गप्प. अहो, लटकलं कुठे होतं, ते बिचारं त्या डिस्कवरचा सगळा डेटा दुसऱ्या डिस्कांवर वाहून नेत होतं, आणि सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला सात-साडेसात तास लागणारच की.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कपाट काढायचं तर आधी आतलं सामान दुसरीकडे लावावं लागतं, यात शिकायचं काय?" आणि वर, "दुसऱ्या कपाटात जागा आहे का बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

म्हणून आधी जागा तपासायचा कोड आणि किती टक्के झालं ते दाखवायचा कोड. त्यात दोन डिस्कांचा मिरर (दोन्हीवर त्याच डेटाची एकेक प्रत) असेल तर एक काढताच येत नाही, कारण मिररला किमान दोन लागतात, आणि अशा वेळी माझी कमांड सांगायची काय, तर "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट". म्हणजे घरी काय झालं विचारल्यावर "काही नाही" असं उत्तर येतं ना, तेवढीच माहिती. शिवाय रीबूटनंतर डिस्कचं नाव बदलून एसडीबीची एसडीसी होऊ शकते, त्यामुळे माणूस टाइप करणार एक आणि निघणार भलतीच, मग डिव्हाइसचा नंबर पण चालला पाहिजे असं ठरलं.

पण खरी गंमत मेलेल्या डिस्कची. ती मशीनला दिसतच नाही, मग तिचा पाथ काय लिहिणार? बीटीआरएफएसमध्ये तिथे चक्क "मिसिंग" असं लिहायचं. कुठली काढू? जी नाहीये ती. हे मला रात्री दीड वाजता कळलं आणि मी एकटाच खो खो हसलो, बायकोने उठून लॅपटॉप बंद केला.

रिव्ह्यूबद्दल न बोललेलंच बरं. कोड जेमतेम साठ ओळींचा, त्यावरची चर्चा त्याच्या चौपट, टॅब की स्पेस इथून सुरू होऊन मॅनपेजमधल्या, म्हणजे कमांडच्या माहितीपानातल्या, स्वल्पविरामापर्यंत. बॅश कंप्लीशन (टॅब दाबल्यावर कमांड आपोआप पुरी होणं) राहिलंय हे अर्थातच सगळ्यात शेवटी कोणीतरी सांगितलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एकदाचं मुख्य कोडमध्ये मर्ज झालं आणि मी घरी गेलो, तर आईने खरंच जुनं गोदरेजचं कपाट काढायला घेतलेलं. मी म्हटलं थांब, आता मी यातला एक्सपर्ट आहे. तीन तासांत सगळं रिकामं केलं, साड्या, पितळेची भांडी, बाबांची १९८७ पासूनची विजेची बिलं, सगळा ढीग पलंगावर. मग दुसरं कपाट उघडलं. गच्च. पोटमाळा, तोही गच्च.

आई दारात उभी होती, काही बोलली नाही. कपाट अजून तिथेच आहे, आणि त्या रात्री बाबा हॉलमध्ये सतरंजीवर झोपले.