विश्वास कमी म्हणून असले विचार येतात का? एका ताईंच्या कमेंटला उत्तर

प्रभूत सलाम ताई,

कमेंट परवाच वाचली. लगेच उत्तर टाईप करायला बसलो, अर्धं झालं पण, आणि मग वाचून बघितलं तर त्यात नुसतं माझी बाजू सावरायचं काम चाललेलं, म्हणून पुसून टाकलं. आज रविवार, उपासनेहून आलोय, जेवणं झालीत, घरात सगळे आडवे झालेत, आता निवांत लिहितो. लांबेल, आधीच सांगतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, कारण सगळेच खाली जाऊन कमेंट वाचत नाहीत. मागच्या पोस्टमध्ये मी बायबलमधल्या नीतिसूत्रे ४:२३ वर लिहिलं होतं, सगळ्यात जास्त जपायचं ते आपलं अंतःकरण, आणि पुढे देवाची वाट धीराने बघण्याबद्दल. ताई नर्स आहेत. त्यांच्या धाकट्या भावाला डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुणीतरी त्याला सांगितलं की विश्वास कमी पडतोय म्हणून असले विचार येतात, मनावर पहारा ठेव. त्याने गोळ्या बंद केल्या आणि दीड महिन्यात त्याला ॲडमिट करावं लागलं. ताईंचं म्हणणं, तुमच्या पोस्टमध्ये पण तेच आहे. शिवाय 'थांबा, देव करील' हे भरल्या पोटी सांगायला सोपं असतं, आणि साक्ष देणारे, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगणारे, सगळे काम झाल्यावरच साक्ष देतात, मधल्या काळात कुणी त्यांच्या हातात माईक देत नाही. मन म्हणजे काय नळ आहे का बंद करायला, असंही त्यांनी विचारलंय. आणि शेवटी, 'दादा, उंटावरून शेळ्या हाकू नका.'

मी पोस्ट परत उघडून बघितली. वाक्य सापडलं. 'वाईट विचार दारातच ओळखून हाकलून द्या, विश्वास भक्कम असला की हे जमतं.' लिहिताना मला ते फार छान वाटलं होतं हो, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या भावाने ते वाचलं असतं तर त्याला त्यातून एकच गोष्ट ऐकू आली असती, की तुला जमत नाहीये म्हणजे तुझ्यातच खोट आहे. ते वाक्य चूक आहे. गोड करून नाही सांगत, चूकच आहे, आणि मुख्य म्हणजे शास्त्राच्याच, म्हणजे बायबलच्याच, विरुद्ध आहे.

कारण बघा, एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आणि पुढच्याच अध्यायात हा माणूस रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. एलीयाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि देवाने त्याला काय केलं, तर झोपू दिलं. मग दूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. त्याने खाल्लं, परत झोपला, दूताने परत उठवलं, परत खा म्हणाला, कारण पुढची वाट तुला झेपायची नाही. दोनदा झोप आणि दोनदा जेवण, त्यात 'विचार आवर' असा एक शब्द नाही. प्रश्न विचारला तो नंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. ताई, हा क्रम तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तुमच्या वॉर्डात रोज तेच तर चालतं.

आणि गोळ्यांचं. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्याच गोष्टीत यशया संदेष्टा सांगतो की अंजिराचा लेप करून गळवावर लावा. ज्या तोंडातून वचन आलं त्याच तोंडातून औषध आलं. मंडळीत हे वाचताना पंधरा वर्षांवर सगळे आमेन म्हणतात आणि लेपाच्या ओवीवरून गाडी सुसाट पुढे जाते, माझी पण जायची. डॉक्टरला न विचारता चालू गोळी बंद करायला सांगणारा माणूस विश्वासाचा नाही, दुसऱ्याच्या जिवाचा जुगार खेळतोय. तो कोण होता मला माहीत नाही आणि नाव मला सांगूही नका, मला त्याच्याबद्दल रवंथ करत बसायला निमित्त नको.

हा रवंथ शब्द मुद्दाम वापरला, कारण इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. मन नळ नाही, मान्य. पण म्हणून जे येईल ते वाहू द्यायचं हेही मला पटत नाही, आणि ते का, हे माझ्या स्वतःच्या घाणेरड्या अनुभवावरून सांगतो.

२०२० मध्ये माझी नोकरी गेली. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो, लॉकडाऊननंतर आमच्या सेक्शनमधली निम्मी माणसं कमी केली. पुढे चौदा महिने घरी. बायकोने डबे चालू केले, मी पोचवायचो. रात्री तीनला जाग यायची आणि डोक्यात हिशोब सुरू, ईएमआय एवढा, पोराची फी एवढी, पीएफ काढला तर किती, परत पहिल्यापासून. ती भीती होती ताई, आणि त्या भीतीबद्दल देवाने मला कधी दोषी धरलं असं मला आजही वाटत नाही. पण त्याच दिवसांत दुसरं एक आत शिरलं. माझ्याच सेक्शनमधला एक मित्र, त्याला ठेवलं आणि मला काढलं. एका रात्री सहज मनात आलं, यानेच तर माझं नाव पुढे केलं नसेल? पुरावा काही नाही. पण दुसऱ्या रात्री मी तो विचार स्वतः शोधून काढला, तिसऱ्या रात्री त्याला चहा पाजला, आणि महिन्याभरात मला खात्रीच पटली की हो, यानेच केलं. त्याचे फोन घेतले नाहीत. त्याचा बाप वारला तेव्हा गेलो नाही. खरं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि कळलं तरी तो बाप काही परत येणार नाही.

म्हणजे पहारा लागतो, पण कुठे? मी तो भीतीवर ठेवला होता, स्वतःला दटावत होतो की ख्रिस्ती माणसाने असं घाबरायचं नसतं, आणि संशय मागच्या दाराने येऊन घरातलाच होऊन बसला.

माझा मेहुणा सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलाय, त्याने मला एकदा इवाग्रियसबद्दल सांगितलं होतं, चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा साधू, ३९९ साली वारला. त्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. त्यात त्याचं एक म्हणणं फार कामाचं आहे, की हे विचार येऊन त्रास देतील का नाही हे आपल्या हातात नाही, ते रेंगाळतील का नाही हे आपल्या हातात आहे. (आजारात हा दुसरा भाग पण बऱ्याचदा हातात राहत नाही, ही माझी भर, तुमच्या कमेंटनंतरची.) त्या आठात एक कंटाळ्याचा विचार आहे, भर दुपारी येतो. साधू खोलीत बसलाय, आणि सारखा बाहेर जाऊन सूर्याकडे बघतोय, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे. हे ऐकून मला हसूच आलं, कारण चौदा महिने मी मोबाईल असाच बघायचो. रेंज आहे ना? मेल आलाय का? स्पॅममध्ये तर नाही गेला?

आता फिलिप्पै ४:७, म्हणजे पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातली ओवी, कारण माझ्या पोस्टची सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. मी पहारेकरी तुम्हाला केलं. पौल तसं म्हणतच नाही. तो म्हणतो देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि तुमचे विचार राखील. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो सैनिकांनी शहर राखण्याचा शब्द आहे, आणि फिलिप्पै म्हणजे रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं गाव, त्या लोकांना पहारा म्हणजे काय ते शिकवायला नको. लिहिणारा स्वतः बेड्यांत, आजूबाजूला शिपाई. तो म्हणतोय की गस्त देवाची शांती घालणार. आपल्याकडे काम काय उरलं, तर आदल्या ओवीत आहे, जे काही आहे ते आभारासकट देवाला कळवा. कळवा म्हणजे बोला. आणि सगळं अनेकवचनात आहे, तुम्हा सगळ्यांची मनं, एकट्या माणसाने एकट्याच्या मनाच्या दारात रात्रभर काठी घेऊन बसायचं असं नाही. तुमच्या भावाला जर कुणी म्हणालं असतं की आज तुझ्याच्याने होत नाहीये ना, आज आम्ही बसतो, तू गोळी घे आणि झोप, तर ते या ओवीच्या जास्त जवळचं झालं असतं.

थांबण्याबद्दल. 'भरल्या पोटी' हा टोला बसला, कारण आता माझं पोट भरलेलं आहे. पण शास्त्रातलं थांबणं गप्प बसण्यासारखं मला तरी कुठे दिसत नाही. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा तोच प्रश्न आहे, किती काळ? स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, शेवटी 'तरीपण देव चांगला' अशी ओळ पण नाही. मंडळीत ते कधी वाचून दाखवलेलं मला आठवत नाही. आणि स्तोत्र १३० मध्ये पहारेकरी पहाटेची जेवढी वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो असं आहे, आणि पहारेकऱ्यांची ती ओळ लगेच परत एकदा म्हटलीय. ही ओवी वाचून मला तुमची नाईट ड्युटी आठवली. रात्री तीनला तुम्ही पहाट ओढून आणू शकत नाही, पण म्हणून खुर्चीत बसून पण राहत नाही, सलाईन बघता, बीपी घेता, कुणाची चादर सरळ करता, आणि मध्येच खिडकीकडे बघता.

हातावर हात ठेवून बसणं म्हणजे थांबणं असतं तर पंडिता रमाबाई कुठल्या खात्यात घालायच्या? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या थेट मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं ते त्यातून. नंतर हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, कित्येक वर्षं तेच. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम चालू. ते हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापून आलेलं पूर्ण बायबल त्यांनी बघितलंच नाही.

आणि आपल्या टिळकांचं उदाहरण तर प्रत्येक मंडळीत देतात. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, आणि ती पाच वर्षं टिळक कसे धीराने थांबले, बळजबरी केली नाही, असा संदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. खरंच आहे ते. पण त्याच पाच वर्षांत लक्ष्मीबाईंचं काय झालं असेल, नवरा धर्म बदलून गेलाय, लोक बोलतायत, रडून रडून जीव अर्धा झालाय, ते व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. एकाच थांबण्याचे दोन टोकांना दोन भाव असतात. तुमची कमेंट वाचताना वाटलं, मी पोस्ट टिळकांच्या बाजूने लिहिली आणि तुम्ही लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचली.

एक अजून, जे मला स्वतःलाच सुटत नाही. शौल राजा. शमुवेल संदेष्ट्याने सांगितलं होतं सात दिवस थांब, मी येऊन होमबली अर्पण करीन. शौल सात दिवस थांबला हो! शत्रू पलिष्टी समोर, माणसं पळून चाललीत, शमुवेलचा पत्ता नाही, मग त्याने स्वतःच होमबली अर्पण केला आणि तेवढ्यात शमुवेल हजर. राज्य गेलं. उतावळेपणाचं उदाहरण म्हणून हे आम्हाला संडे स्कूलपासून शिकवलं. मला मात्र त्या बिचाऱ्याची दयाच येते. पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं, नीट दिलं, पण माझं समाधान झालं नाही. असू दे. सगळ्याला माझ्याकडे उत्तर आहे असा आव मागच्या पोस्टमध्ये आला होता, तो तरी निघू दे.

साक्षीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. म्हणून मधलीच देतो. नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी आहे, ईएमआय अजून चार वर्षं. त्या मित्राला मागच्या नाताळात फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला बघू, आणि ठेवला. त्यानंतर फोन नाही. मी वाट बघतोय. दर रविवारी वाटतं आज येईल. अजून तरी नाही.

पोस्टमधलं ते वाक्य मी काढत नाहीये, तसंच ठेवून खाली लिहितो की हे चुकलं आणि का चुकलं, म्हणजे ज्यांनी आधी वाचलंय त्यांना पण कळेल. गोळ्यांबद्दलचं वेगळं, ठळक लिहितो. आणि बुधवारी आमच्याकडे गृहसभा आहे, तुमच्या भावाचं नाव न घेता, नुसतं 'एक भाऊ' म्हणून प्रार्थना केली तर चालेल का? त्याला विचारूनच सांगा. तो नको म्हणाला तर नको.

याचं उत्तर लगेच लिहायची घाई करू नका. प्रोफाईलवर बघितलं, या आठवड्यात पण तुमची नाईटच आहे. आधी झोप काढा.