घोड्यांचा हिशेब निसर्ग राखेल म्हणे!

नेवाडाच्या उजाड माळावर एक हेलिकॉप्टर खाली झेपावतंय, त्याच्यापुढे घोडे चौखूर उधळलेत आणि मागे करुण बासरी. हा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘हे अमेरिकेचे मूळ जंगली घोडे. प्रत्येक कळपाला एक राजा असतो, तो सगळ्यांना सांभाळतो. सरकार त्यांना पकडून कत्तलखान्यात धाडतं. त्यांना फक्त मोकळं सोडा, निसर्ग आपोआप संख्या राखतो.’ आमच्या काकूंनी तो हात जोडलेल्या इमोजीसकट पाठवला. बघताना मलाही गलबललं, पण मजकूर काही पटला नाही.

‘मूळ जंगली’ हे अर्धंच खरं. घोड्याचा वंश उत्तर अमेरिकेत घडला, पण तिथला घोडा सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाला. आज दिसतात ते स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकापासून आणलेल्या आणि पुढे इतरांकडून सुटलेल्या, सोडून दिलेल्या घोड्यांचे वंशज. ‘मस्टँग’ हे नाव ज्या स्पॅनिश शब्दावरून आलं, त्याचा अर्थच मुळी बेवारशी जनावर.

राजाचं म्हणाल तर माळावर शंभर घोडे एकत्र दिसले तरी तो एक कळप नसतो. आत छोटी छोटी कुटुंबं असतात: एक वयात आलेला नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरं. नर ऐटीत पुढे धावतो हे कॅलेंडरवरचं चित्र झालं. एरवी तो बहुधा मागे असतो, कान पाडून, मान जमिनीलगत नेऊन रेंगाळणाऱ्यांना हाकत. पाण्याकडे कधी निघायचं, हे बरेचदा एखादी मादीच ठरवते. नर लढाईत हरतात, बदलतात. माद्यांची आपसातली सोबत मात्र वर्षानुवर्षं टिकू शकते. न्यूझीलंडच्या कैमानावा घोड्यांच्या अभ्यासात तर असं दिसलं, की ज्या माद्यांची कुटुंबात घट्ट मैत्री होती त्यांची शिंगरं जास्त जगली. दोन-तीन वर्षांची झाली की पोरं घर सोडतात. मुली दुसऱ्या कुटुंबात जातात, मुलगे सड्या नरांच्या टोळक्यात. मठच म्हणा तो, फक्त शांतता नसलेला.

म्हणून हेलिकॉप्टरने हाकून घोडे पकडताना कुटुंबं फुटतात, ही त्या मजकुरामागची कळकळ खोटी नाही. कत्तलखान्याची भीतीही हवेतून आलेली नाही. १९५० मध्ये नेवाडाच्या वेल्मा जॉन्स्टन यांना रस्त्यावर एका ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. आत कत्तलीसाठी नेले जाणारे घोडे होते. बाईंनी लढा उभारला आणि १९७१ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. पकडलेले घोडे आज दत्तक दिले जातात किंवा सरकारी खर्चाने कुंपणांत आणि कुरणांत पोसले जातात. असे पोसल्या जाणाऱ्यांची संख्या ६०,००० च्या पुढे गेली आहे. दत्तक गेलेले काही घोडे पुढे कत्तलीच्या बाजारात पोचल्याचं उघड झालंय, तेही खरं. पण कत्तल हे सरकारचं धोरण आहे असं सांगणं चूक.

आणि आता ते लाडकं वाक्य: निसर्ग संख्या राखतो. हे कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. लांडगे तिथल्या बहुतेक भागातून माणसानेच कधीचे संपवले. प्यूमा हे मोठं रानमांजर काही डोंगराळ भागांत शिंगरं मारतं, तेवढंच. मार्च २०२४ मध्ये सरकारी माळरानांवर घोडे आणि गाढवं मिळून अंदाजे ७३,५२० होती. संबंधित खात्याच्या मते झेपणारी संख्या सुमारे २५,५००. (त्याच जमिनींवर गुरांना घोड्यांपेक्षा कितीतरी जास्त चारा दिला जातो, त्यामुळे ‘झेपणारी’ या शब्दावर भांडायला जागा आहे. पण मग भांडण गुरांच्या वाट्याचं आहे, निसर्गाच्या किमयेचं नव्हे.)

निसर्ग हिशेब कसा चुकता करतो, ते नेदरलँड्सच्या ओस्टवार्डर्सप्लासन राखीव क्षेत्रात दिसलं. कुंपणाच्या आत घोडे, गाई, हरणं सोडलेली आणि धोरण एकच: हात लावायचा नाही. २०१७-१८ च्या हिवाळ्यात चारा संपला. तीन हजारांवर जनावरं गेली. बहुतेकांना रक्षकांनीच गोळ्या घातल्या, कारण ती वाचणार नव्हती. लोक कुंपणावरून गवत फेकत होते.

पण नुसतं पकडत राहणं हेही उत्तर नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमकं बोट ठेवलं: काही घोडे उचलले की उरलेल्यांना चारा मुबलक होतो आणि वाढीचा वेग तसाच राहतो. मेरीलँडच्या ॲसाटीग बेटावर १९९४ पासून वेगळी वाट धरली गेली. बंदुकीतून छोटी सुई मारून माद्यांना गर्भनिरोधक लस द्यायची. कळप सुमारे १७५ वरून हळूहळू शंभराच्या आत आला, कुटुंबं फुटली नाहीत, आणि दरसाल गाभण राहण्यातून सुटलेल्या माद्या जास्त वर्षं जगू लागल्या.

मात्र बेटावर घोडे मोजके. अंगावरच्या खुणांवरून एकेक ओळखता येतो, जवळ जाता येतं. नेवाडातला घोडा माणूस लांबवर दिसला तरी पळ काढतो, आणि सुई मारायला तर पन्नासेक मीटरच्या आत जावं लागतं. त्यामुळे तिथे बहुतेक कळपांना लस टोचायची तरी आधी घोडे पकडावे लागतात, आणि पकडायला पुन्हा तेच हेलिकॉप्टर येतं.