बायाची चित्रं पॅरिसच्या आधीची

अल्जीरियाची चित्रकार बाया महिद्दीन हिची ओळख तुमच्याकडे आलेल्या तिच्यावरच्या लेखात फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों आणि पिकासो यांच्या कौतुकातूनच करून दिली आहे, हे मनापासून खटकलं. १९४७ साली पॅरिसला तिचं प्रदर्शन भरलं तेव्हा ती सोळा वर्षांचीही नव्हती. लहानपणीच पोरकी झालेली, शाळेचं तोंड न पाहिलेली, आजीबरोबर फ्रेंच मळेवाल्यांच्या फुलशेतीत राबलेली ही मुलगी. त्या ठसठशीत डोळ्यांच्या बायका, पक्षी, फुलं तिची स्वतःची होती. पुरुष तर चित्रांत जवळपास दिसतच नाहीत! १९५३च्या लग्नानंतर सुमारे दहा वर्षं तिचा कुंचला थांबला, त्यावर लेखात अवाक्षर नाही. देश स्वतंत्र झाल्यावर, १९६३ला ती पुन्हा रंगवू लागली. नवरा संगीतकार, पुढच्या चित्रांत वाद्यंच वाद्यं आहेत. ती चित्रंही दाखवायला हवी होती.