झोपलाव का, मालक?

मुंबईत सकाळी दहाला काम आहे आणि तुम्ही सोलापुरात राहता? मग काळजी कसली! रात्री घरी पोटभर जेवा, रिक्षा करून स्टेशन गाठा, बर्थवर आडवे व्हा. डोळे उघडाल तेव्हा दादर. सुमारे साडेचारशे किलोमीटर, तेही झोपेत. आमच्या घरात हे वाक्य आजोबा म्हणत, वडील म्हणत, आता मी म्हणतो. तिघांपैकी एकालाही गाडीत कधी झोप लागलेली नाही, पण तेवढ्यासाठी घरातली परंपरा मोडायची नसते.

दिवसा जायची सोय नाही असं नाही. १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत धावते. पहाटे निघते, दुपारी पोचवते. पण खुर्चीत बसून गेलेल्या माणसाला गावात काय इज्जत? 'बसून गेलो' हे एसटीनं जाणाराही म्हणतो. 'रात्री झोपून गेलो, दिवसभर काम केलं, रात्री झोपून परत' असं म्हणताना आवाजाला जो रुबाब चढतो तो वेगळाच. त्यासाठी लागोपाठ दोन रात्री जागाव्या लागल्या तर काय बिघडलं?

कुरकुर करायची सवय असेल तर आधी थोडा इतिहास ऐका. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये, आणि बोरघाटातला मार्ग पुरा झाला १८६३ मध्ये. मधल्या काळात मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्याला गाडीतून उतरायचा, पालखीनं नाहीतर तट्टावरून घाट उतरायचा आणि पायथ्याला दुसरी गाडी धरायचा. तुम्हाला फक्त मिडल बर्थवरून उतरायचंय. ज्यांना झोपायच्या गाडीचा थाट हवा असतो ते ओरिएंट एक्स्प्रेसचं नाव काढतात. ती पॅरिसहून निघाली १८८३ मध्ये. आमच्या जुन्या गिरणीचा भोंगा वाजला १८७७ ला. म्हणजे तिकडचे शेठ त्या गाडीत लोळायला लागले तेव्हा आमच्या गावाला गिरणीत सूत कातायला लागून सहा वर्षं झाली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिकिटाचं थोडक्यात सांगतो. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. हा मोठाच दिलासा आहे. आधी वेटिंगचं दुःख चार महिने बाळगावं लागायचं, आता दोनच महिने. आरएसी मिळालं तर नशीबच उघडलं म्हणायचं: एका साइड लोअरवर दोन अनोळखी माणसं रात्रभर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. अशा बर्थवर जुळलेली एक सोयरीक मला ठाऊक आहे. मुलाच्या आणि मुलीच्या बापाला उजाडेपर्यंत दुसरं काही कामच नव्हतं.

आता बर्थ. लोअरचा मोह धरू नका. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांना तो देताना प्राधान्य असतं. तुम्हाला चुकून मिळालाच, तर गाडी हलेपर्यंत तो तुमचा. मग गुडघ्याला पट्टा बांधलेले एक काका समोर उभे राहतात. "मालक, जरा वर जाता का? गुडघा हाय." तुम्ही वर जाता. हेच काका कुर्डुवाडीला चहासाठी फलाटावर कसे धावतात ते वरून दिसतं, पण तिकडं बघू नये. पुण्य कमी होतं.

मिडल बर्थवर माणसानं एकदा तरी जावं. तो रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्या वेळात उघडायचा असा नियम आहे. २०१७ पर्यंत नऊला उघडता यायचा, मग झोपेचा एक तास कमी केला, कारण लोक फार झोपतात. आपली गाडी सुटते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात, म्हणजे कायद्यानं तुम्ही लगेच आडवे होऊ शकता. पण खाली अख्खं कुटुंब मांडी घालून जेवायला बसलेलं असतं. नियम तुमच्या बाजूला, बर्थ त्यांच्या पाठीला.

ही माणसं घरून जेवूनच आलेली असतात. तरीही मोहोळ यायच्या आत डबा उघडतो, कारण गाडीत बसून न खाणं हा अन्नाचा अपमान आहे. धपाटे निघतात, कडक भाकरी मोडल्याचा आवाज येतो, शेंगाचटणीची पुडी सुटते, आणि त्या वासापुढं एसीचा वारा हात टेकतो. तुम्ही कंबरेत वाकून, डोक्यावर मिटलेला बर्थ घेऊन उभे. त्यांना तुमची दया येते. "उभं का राहिलाव? घ्या की धपाटं." तुम्ही घेता. ज्याचं धपाटं खाल्लं त्याला 'उठा' कसं म्हणणार? मिडल बर्थ उघडतो तेव्हा साडेअकरा झालेले असतात आणि पांढऱ्या चादरीवर लाल चटणीची रांगोळी असते.

अप्पर बर्थला मात्र कुणी विचारत नाही, कुणी उठवत नाही. तिथं सरळ बसता येत नाही आणि एसीची जाळी थेट कपाळावर असते, एवढंच. सकाळी डोकं वेगळं नेऊन शेकावं लागतं.

डब्यात ७२ बर्थ. इकॉनॉमी म्हणून जो नवा एसी डबा काढला त्यात सुरुवातीलाच ८३ बसवले होते. मध्यंतरी साइडच्या दोन बर्थांच्या मध्ये तिसरा घालायचाही प्रयोग झाला होता. लोकांनी ओरड केली आणि तो काढून टाकला. तोट्यात गेलो आपण. माणूस फडताळातल्या ताटासारखा उभा लावता येतो का, हे कळायची संधी हुकली.

आता खरी मजा. बेडरोल.

कागदी पाकिटातून दोन चादरी निघतात, सोबत उशी, छोटा टॉवेल आणि ब्लँकेट. परगावचा माणूस ते अंथरतो. सोलापूरकर आधी तपासतो. चिमटीत धरून, उजेडाकडं करून, किनार उलटी करून. ज्या गावची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्या गावचा माणूस नॅपकिनएवढ्या टॉवेलला टॉवेल म्हणेल कसा? मागच्या खेपेला माझ्या समोर एक आजोबा होते. जन्मभर मागावर उभे राहिलेले. त्यांनी तो टॉवेल दोन बोटांत धरला, अटेंडंटला बोलावलं आणि फार मायेनं विचारलं, "बाळा, ह्याचं बाकीचं कुठं हाय?"

ब्लँकेटबद्दल मात्र वाईट बोलायचं नाही. ते महिन्यातून निदान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत लेखी सांगितलं आहे. आणि दोन चादरी का देतात, तेही. एक खाली अंथरायला, दुसरी ब्लँकेटच्या आतून लावायला. म्हणजे ब्लँकेट अंगाला लागू नये म्हणून चादर, आणि चादरीनं थंडी भागत नाही म्हणून ब्लँकेट. यात कुठंही चूक काढता येत नाही. तुमचा नंबर महिन्याच्या पहिल्या माणसाचा की एकोणतिसाव्या, हे वासावरून ठरवायचा प्रयत्न करू नये. शेंगाचटणीमुळं तसंही ते ठरत नाही.

कोविडच्या काळात बेडरोल बंद झाले होते, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या दोन वर्षांत जो तो घरची चादर घेऊन चढायचा. आमच्या स्टेशनावर डबाच्या डबा जेकार्डच्या नक्षीनं फुलून गेलेला असायचा, कुणाच्या अंगावर मोर, कुणाच्या अंगावर वेलबुट्टी. तेव्हा आम्हाला ऊब होती. मग सोय परत आली.

दिवे मालवल्यावर झोपायचा प्रयत्न करू नका, नुसतं पडून राहा. दहानंतर मोठ्यानं बोलायचं नाही, फोन मोठ्यानं वाजवायचा नाही, असा नियम आहे. तो सगळ्यांना पाठ असतो, म्हणून माणसं फोन कानाला लावून हळू आवाजात ओरडतात. "हां, बसलो बे गाडीत. नाही, झोपलालो आता. झोपलालो म्हणलं की!" हे चौघांना कळवून होईपर्यंत पलीकडचं घोरणं सुरात आलेलं असतं. गुडघ्याच्या काकांना तुमची काळजी वाटते. ते खालून बर्थला टिचकी मारतात. "झोपलाव का, मालक?" याला उत्तर देऊ नका. दिलंत तर त्यांच्या धाकट्या जावयाची हकिगत सुरू होते आणि ती दौंडशिवाय थांबत नाही. न दिलंत तर ते पुन्हा विचारतात.

पुण्याला मध्यरात्र उलटलेली असते. इथं डब्यात खांदेपालट होतो. उतरणारे अर्धा तास आधी उठून बॅगांच्या चेनी ओढायला लागतात. एका बॅगेला इतक्या चेनी असतात हे एरवी कळत नाही. मग चढणारे येतात. मोबाइलचा टॉर्च आधी तुमच्या डोळ्यांत, मग बर्थच्या नंबरावर. "हा चौतीस ना?" तुम्ही म्हणता, बत्तीस. "मग चौतीस कुठं?" भल्या माणसा, बत्तीसच्या पुढं शोध की! ज्यांना आपलं स्टेशन चुकायची धास्ती असते त्यांच्यासाठी १३९ वर उठवायचीही सोय आहे, आधी कळवून ठेवलं की वीस मिनिटं आधी फोन येतो. तो फोन ज्याच्यासाठी असतो तो सोडून सगळा कप्पा उठतो.

लोणावळ्यानंतर गाडी ब्रेक लावत घाट उतरते. नेमकी तेव्हाच तुम्हाला डुलकी लागते. ही तुमची झोप. हिचेच पैसे भरलेत. कल्याणला ती संपते, कारण काकांना चहावाला दिसलेला असतो आणि एकट्यानं चहा घेणं त्यांच्या जिवावर येतं.

मी दादरला उतरतो. परळच्या मावशीकडं तोंड धुऊन कामाला जायचं, हा नेहमीचा रिवाज. ती दार उघडून पहिलं विचारते, "झोप झाली का रे गाडीत?" मी म्हणतो, "मस्त. पडल्या पडल्या दादर." मग बॅग उघडतो. आमच्याकडचा माणूस मुंबईला रिकाम्या हातानं जात नाही. तिनं दोन चादरी आणायला सांगितलेल्या असतात. डबल बेडच्या, जाडजूड, कोऱ्या. रात्रभर त्या माझ्याच खालच्या बर्थखाली, साखळीनं बांधलेल्या बॅगेत होत्या, आणि वर मी दोन सरकारी चादरींत कुडकुडत काकांच्या जावयाचं ऐकत होतो. घडी मोडू नये म्हणून हातसुद्धा लावला नव्हता.

मावशी चादरीवरून हात फिरवते, "काय ऊब आहे गं बाई!" म्हणते आणि दोन्ही कपाटात वरच्या खणात ठेवते. मंगल कार्यासाठी.

"तू तासभर पड," असं म्हणून मग ती मला पांघरायला एक ब्लँकेट देते. पानिपतचं.