धुराचा रंग आणि मानाचा टॉवेल

लग्नात मानाचा म्हणून मिळालेला पांढराशुभ्र टॉवेल माझ्याच ट्रकच्या सायलेन्सरपुढे धरला जाईल, असे मला परवापर्यंत वाटले नव्हते. सावद्याहून केळी भरून धुळ्याकडे निघालेला माझा जुना, सहा सिलिंडरचा ट्रक पारोळ्याच्या अलीकडे हिसके देत धूर ओकू लागला आणि ड्रायव्हरने तो एका टपरीपाशी उभा केला, एवढे सांगितले तरी पुरे.

टपरीवर भरताच्या वांग्यांची पिशवी मांडीवर घेतलेले एक आजोबा अमळनेरच्या एसटीची वाट पाहत बसले होते. “भाऊ, धूर कसा रंगना से?” असे त्यांनी विचारले आणि माझ्या कपड्यांची इस्त्री दिसताच, शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावे तशा प्रमाण मराठीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी निळा म्हणालो, ड्रायव्हर पांढरा म्हणाला आणि टपरीवाल्याने, कोणी विचारले नसताना, काळा म्हटले. वाद रंगाचा दिसत असला तरी तो माझ्या खिशाचा होता: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा एअर फिल्टर झटकून कदाचित भागले असते, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा गेल्या आणि इंजिन उतरवायचे, गरम इंजिनाचा पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल, नाहीतर गॅसकेटमधून शिरलेले पाणी.

आजोबांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल न विचारता उचलला, धुरासमोर धरला आणि फोडणीचा वास घ्यावा तसा हुंगला. “ऑइलचा डाग नाही. ओल आहे ती डिझेलची. पाण्याच्या वाफेने डोळे असे झोंबत नाहीत,” असा निकाल देऊन ते म्हणाले, “मी जन्मभर विहिरीवर एका सिलिंडरचे इंजिन चालवले. ते बिघडले की सरळ बंद पडायचे. तुमच्याकडे पाच जण मिळून एकाचे पाप झाकतात.”

त्यांच्या हुकमावरून ड्रायव्हरने चालू इंजिनावर एकेका नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपचा नट किंचित सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल तोडून पाहिले. पाच वेळा इंजिनाचा आवाज पडला. सहाव्याला, जिथे हात घालणे अडचणीचे असते, काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो आधीपासूनच कामाला नव्हता. त्या नोझलवर कित्येक महिन्यांचे वंगण आणि धूळ जशीच्या तशी बसलेली होती. वास्तविक, आठवड्यापूर्वी एका गॅरेजने ‘नोझल साफ, नग ६’ असे बिल दिले होते आणि ते दुर्दैवाने माझ्या खिशातच निघाले. आजोबांनी ते सगळ्या टपरीला मोठ्याने वाचून दाखवले.

गॅरेजला फोन केला, तेव्हा सहावा चांगलाच होता म्हणून हात लावला नाही, असे उत्तर मिळाले. मग पैसे कशाचे घेतले, असे विचारताच आवाज येत नसल्याची सबब सांगण्यात आली. मागे केळी उन्हात पिकत होती आणि पुढे आजोबांची एसटी आली. चढण्यापूर्वी त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि स्वच्छ बाजू वर करून तो माझ्या खांद्यावर ठेवला. बस वळणाआड गेली, तसा ड्रायव्हरने हात पुसायला तोच मागितला.