आज ओपीडीत आत्या उठलीच नाही

सकाळी साडेआठपासून बसलो होतो. आत्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, गावाकडच्या डॉक्टरांनी पुण्याला दाखवा म्हणून सांगितलं, म्हणून परवा तिला माण तालुक्यातून घेऊन आले. केसपेपर काढला, 41 नंबर मिळाला, म्हटलं बारापर्यंत होईल. बाराच्या सुमारास आधारची झेरॉक्स राहिली म्हणून मी खाली गेले आणि तेवढ्यात स्पीकरवरून नाव पुकारलं. मी जिना चढत होते, मला ऐकू आलं. नकुसा. मग परत, जरा चिडून, नकुसा, नकुसा कोण आहे इथं, चला लवकर.

मी वर पोचले तर आत्या जागेवरच. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. शेजारी शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी आईला विचारत होती, मम्मी असं कुणाचं नाव असतं का? आणि हसली. आई पण हसली. दोनचार माना वळल्या, कोण उठतंय बघायला. आणि माझ्या आत्यानं पण मान वळवून मागं बघितलं. सगळे बघत होते तसं. ही नकुसा कोण म्हणून.

नंबर गेला. 42 आत गेला.

मी काउंटरवर जाऊन भांडले. नंबरानं पुकारा ना, नाव घेऊन कशाला ओरडताय? ती मुलगी म्हणाली, मॅडम, आधारवर जे आहे तेच येतं सिस्टिममध्ये, आम्ही काय करणार. खरंय, ती काय करणार. दिवसाला दोनशे नावं वाचते बिचारी. पण मला तेव्हा तिच्यावर राग काढायचाच होता, काढला. शेवटी सगळ्यांचं झाल्यावर अडीच वाजता तपासलं. रिक्षात आत्या म्हणाली, मला न्हाय ऐकू आलं गं. तिला सगळं ऐकू येतं. आतल्या खोलीत माझा मोबाईल वाजला तरी माझ्याआधी तिला कळतं.

तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून हे लिहितेय. मोठं होईल, ज्याला वाचायचं त्यानं वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या सातारा भागात मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुसा ठेवायचे. नकुशी, नकोशी, सगळं एकच. म्हणजे देवाला निरोप की आता बास, ही नको होती, पुढचा मुलगा दे. शालन झाली, मालन झाली, कमल झाली, तिघींना बरी नावं मिळाली. चौथी आत्या. बारसं नाही, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. बाळंतिणीच्या खोलीतूनच कुणीतरी नाव सांगितलं आणि तेच राहिलं.

आणि तीन वर्षांनी मुलगा झाला. ते माझे अण्णा. 1965 साल, यशवंतराव चव्हाण तेव्हा दिल्लीत संरक्षणमंत्री होते, आमच्या जिल्ह्याला त्यांचा केवढा अभिमान, म्हणून अण्णांचं नाव यशवंत. बारशाला गावजेवण घातलं. आज्जी शेवटपर्यंत सांगायची, नकुसाचं नाव लाभलं बरं का घराला. लाभलं! मी लहान असताना हे कौतुकानं ऐकायचे. आता विचार केला की पोटात गोळा येतो, कारण त्या हिशेबात मी पण आहे ना. आत्याला नको म्हणाले म्हणून अण्णा आले, अण्णा आले म्हणून मी आले, अण्णा मास्तर झाले म्हणून मी शिकले, पुण्यात आले, आज फ्लॅटमध्ये बसून हे टाईप करतेय.

आणि अण्णांना कडेवर घेऊन कोण हिंडलं? आत्या तिसरीत होती तेव्हा शाळा सुटली तिची, घरी पोराला बघायला कुणी नाही म्हणून. म्हणजे ज्याच्यासाठी तिला नको म्हटलं त्यालाच तिनं सांभाळायचं. तिला एकदा विचारलं होतं, शाळेचं वाईट नाही वाटलं? तर म्हणाली, बरंच झालं सुटली, हजेरीला माझं नाव आलं की सगळी पोरं फिरून बघायची. मी तेव्हा ते नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. आज ओपीडीत त्या माना वळल्या तेव्हा कळलं की तिसरीतल्या पोरीनं काय केलं असेल. तिनंही मागं वळून बघितलं असणार, कोण नकुसा म्हणून.

आता कुणीतरी कॉमेंट करणारच की अहो पूर्वी मुलांचीही नावं तशीच ठेवायचे, दगडू, धोंडू, केरबा, भिकू. ठेवायचे, मान्य. पण कशासाठी ठेवायचे? आधीची मुलं जगली नाहीत म्हणून, हे तरी जगावं, दृष्ट लागू नये, मरणानं दगड समजून सोडून जावं म्हणून. दगडू म्हणजे राहा रे बाबा माझ्याजवळ. नकुसामध्ये राहा कुठंय? दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका, मला खरंच राग येतो. आणि हे फक्त आमच्याकडंच नाही, हरियाणात भतेरी म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या, तमिळनाडूत वेण्डाम, म्हणजे सरळ नकोच. भाषा वेगळ्या, निरोप तोच.

आता जे सांगणार आहे ते माझ्याच मैत्रिणींना आवडणार नाही कदाचित. लग्नात बायकोचं नाव बदलायच्या प्रथेविरुद्ध मी इथं किती वेळा लिहिलंय तुम्हाला माहितीय. माझ्या लग्नात तांदळाचं ताट आलं तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं होतं की माझं आहे तेच नाव लिहा, त्यावरून दोन दिवस घरात धुसफूस होती. आत्या तेव्हा तिथंच होती. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझं नाव चांगलंय म्हणून तुला जमतं बाय. तिच्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं सुमन लिहिलं. तिला वाचता येत होतं तेवढं. ती म्हणाली, मी ते बघतच बसले, आणि मला रडू आलं, लोकांना वाटलं माहेर सुटलं म्हणून रडतीय.

मी या प्रथेच्या विरोधातच आहे, उद्याही असेन. पण या एका बाईचं काय करायचं, जिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सुमन म्हणून हाक मारली? माझ्याकडं याला उत्तर नाही.

चार वर्षं होती ती सुमन. विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून काका गेले, मूलबाळ नव्हतं, वर्षश्राद्धाच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. मंगळसूत्र गेलं, जमिनीत नाव लागलंच नव्हतं, आणि सुमन पण तिकडंच राहिली. गावात आल्यावर परत नकुसा. आज्जोबांच्या रेशनकार्डावर नकुसा, मतदार यादीत नकुसा, आणि आधारचा कॅम्प लागला तेव्हा तिथल्या माणसानं रेशनकार्ड बघून टाईप केलं, नकुसा. जन्मतारीख 1 जून. ती पण मास्तरांनी टाकलेली, शाळेत नाव घालताना घरच्यांना कुणालाच दिवस आठवत नव्हता. अण्णांचा मात्र वार, वेळ, नक्षत्र, सगळं वहीत लिहिलेलं आहे. ती वही मी बघितलीय. मोडीसारख्या गिचमिड अक्षरात पानभर. आत्याच्या नावाला त्या वहीत एक ओळ नाही.

तर 2011 साली, दिवाळीच्या तोंडावर, साताऱ्यात झेडपीनं कार्यक्रम घेतला आणि 285 मुलींची नावं बदलली. पेपरात मोठे फोटो आले होते. मुलींनी आपली आपण नावं निवडली. मला फार भारी वाटलं होतं तेव्हा, सगळ्यांना सांगत सुटले होते की बघा आमचा जिल्हा, सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, शेवटी आम्हीच सुरुवात केली. आणि घरात पन्नाशीला टेकलेली आत्या भाकऱ्या थापत होती. तिला कुणी विचारलं नाही. सरकारचं सोडा, मी विचारलं नाही. तो पेपर मी तिलाच वाचून दाखवला होता! ती म्हणाली, बरं झालं पोरींचं. एवढंच. आणि मी पान उलटलं. हे आज आठवलं आणि मला माझ्याच कानाखाली मारावीशी वाटली.

कुणी म्हणेल नाव बदलून काय होतं, मन बदलायला पाहिजे. हो, बदलायला पाहिजे. त्याच वर्षीची जनगणना बघा, राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 894 मुली, आणि दहा वर्षांआधी 913 होत्या. म्हणजे नकुसा नाव ठेवणं कमी झालं म्हणून फार आनंद मानू नका. आमच्या आज्जीच्या काळी सोनोग्राफी नव्हती म्हणून नको असलेली मुलगी निदान जन्माला तरी यायची. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा 1994 चा आहे, आणि तरीही मला माझ्या दुसऱ्या बाळंतपणात एका शिकल्यासवरल्या नातेवाईक बाईंनी हळू आवाजात विचारलं होतं, बघून घ्यायचं का? त्या मला फेसबुकवर फ्रेंड आहेत. वाचत असतील तर वाचू देत.

पण म्हणून नावाचं काहीच नाही असं नाही हो. एखाद्याला दिवसातून वीस वेळा नको म्हणा आणि साठ वर्षं म्हणा, बघा काय होतं त्याचं. माझी आत्या कुणाच्या घरी खुर्चीवर बसत नाही. जेवायला शेवटी बसते, आग्रह केला की मला भूक न्हाय म्हणते. डोळ्याला दिसेना झालं तर आठ महिने सांगितलं नाही, दळणात खडे राहायला लागले तेव्हा कळलं. डॉक्टर आज म्हणाले, एवढं उशिरा का आणलं? काय सांगू त्यांना? ती काही मागतच नाही कधी.

आणि सरकारनं आता आईचं नाव कंपल्सरी केलंय, 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. मी तेव्हा पोस्ट टाकून अभिनंदन केलं होतं, चांगलाच निर्णय आहे तो. आज मात्र रिक्षात डोक्यात आलं, ज्यांची नावं त्या कार्यक्रमात बदलली नाहीत अशा पोरी आता लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयाला आल्या असतील. त्यांच्या बाळाच्या दाखल्यावर नावाच्या मधोमध काय येणार? शाळेत हजेरीला कुठलं नाव वाचणार?

आज्जीला मी आतापर्यंत खूप बोलले. तिचंही थोडं सांगितलं पाहिजे. चौथी मुलगी झाली तेव्हा ती फार तर चोवीस पंचवीसची असेल आणि आज्जोबांसाठी दुसरी बायको बघायचं घरात चाललं होतं, हे मला मोठ्या आत्यानं सांगितलंय. तिनं कुणाच्या धाकानं ते नाव ठेवू दिलं असेल मला कळतं. शेवटच्या आजारपणात ती फक्त आत्याच्याच हातून पाणी प्यायची. पण तिनंही कधी एकदा तरी, दार लावून, कुणी नसताना, तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली असती तर? आत्याला विचारलं मी आज. आई तुला कधी दुसरं काही म्हणाली का गं? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, म्हणायची कधीकधी, बाळी.

संध्याकाळी चहा घेताना मी विषय काढला, की आत्या, आपण तुझं नाव बदलून घेऊ, गॅझेटला देऊ, मग आधारवर पण बदलेल. मला वाटलं होतं कशाला आता या वयात म्हणेल. नाही म्हणाली. म्हणजे नको असं म्हणाली नाही. कपातल्या चहाकडं बघत विचारलं, किती पैसं पडतील? मी म्हटलं, ते तू सोड, नाव सांग. सुमन लावायचं? तर मान हलवली. सुमन नको, ते त्यांनी दिल्यालं, त्यांनीच परत घेतलं. मग कुठलं? तर म्हणाली, मला ईचार करू दे, उद्या सांगते. आणि आत्ता साडेदहा वाजलेत, एरवी नऊला झोपणारी बाई अजून आत जागी आहे, कूस बदलल्याचा आवाज येतोय.

एकच विनंती. तुमच्यापैकी कुणी अलीकडं गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा काय काय कागद लागतात. जन्माचा दाखला नाहीये. शाळेचा दाखला तिसरीपर्यंतचा आहे, लॅमिनेट केलेला, त्यावर 1 जून. ॲफिडेव्हिट पुण्यात करून चालतं की गावाकडंच करावं लागतं? ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय, त्याआधी आधार बदलणार नाही हे मला माहितीय. त्या दिवशी मी सकाळीच काउंटरवर जाऊन सांगणार आहे की 41 असो की 81, नंबरानं पुकारा, आणि झेरॉक्सला कुठंही जाणार नाहीये.